डाव्या हाताचा आवाज

बाबा,

मी एक सबवूफर आणला आहे आणि तो ठेवून घ्यायचा की परत पाठवायचा, हे उद्या संध्याकाळपर्यंत मला पुण्याच्या दुकानदाराला कळवायचं आहे. सबवूफर म्हणजे काय हे तुम्हाला सांगायलाच हवं, कारण तुम्ही गेलात तेव्हा आपल्या अख्ख्या वाडीत दोन रेडिओ होते आणि त्यातला एक कायम दुरुस्तीला पोलादपुरात असायचा. ही एक काळी चौकोनी पेटी असते, आईच्या तांदळाच्या डब्याएवढी. आत एकच मोठा स्पीकर, आणि तो फक्त खालचे, जाड आवाज काढतो. त्यातून गाणं कळत नाही, टाळ ऐकू येत नाहीत, माणसाचं बोलणं तर मुळीच नाही. ती सगळी कामं दुसरे दोन छोटे स्पीकर करतात. तुमच्या भाषेत सांगायचं तर पखवाजाची उजवी बाजू म्हणजे ते दोन स्पीकर, आणि डावी बाजू म्हणजे ही पेटी. तुम्ही लगेच विचारलं असतंत, मग दोन्ही हात एकाच ठिकाणी का नाहीत? त्याला उत्तर आहे, पण लांबलचक आहे. नववीच्या वर्गात ध्वनीचा धडा आला की मी ते दर वर्षी देतो आणि दर वर्षी मागच्या बाकांवर जांभया सुरू होतात.

एवढी उठाठेव एका कॅसेटसाठी आहे. मुंबईच्या आत्याचा मुलगा एका गणपतीत टेपरेकॉर्डर घेऊन आला होता आणि आपल्या ओटीवरचं भजन त्यानं भरून घेतलं होतं. तुम्ही त्याला म्हणाला होतात, "ता यंत्र माज्या डाव्या अंगाला ठेव," आणि तो हसला होता. ती कॅसेट त्याच्या कपाटात तीसहून जास्त वर्षं पडून होती. गेल्या दिवाळीत घर बदलताना सापडली, तर बिचारा स्वतः एसटीनं महाडला येऊन देऊन गेला. इथल्या एका फोटो स्टुडिओवाल्यानं ती पेनड्राइव्हवर उतरवून दिली. पहिल्यांदा लावली तेव्हा बाजाची पेटी आली, टाळ आले, बुवांचा चिरका आवाज आला, मध्येच तुमचा खोकला आला. तुमचा खोकला ऐकून मी खुर्चीत सरळ बसलो. पण पखवाज अर्धाच आला. 'ता' आणि 'ना' स्वच्छ, आणि जिथं 'धा'चं वजन पडायला हवं तिथं नुसती हवा. छोट्या स्पीकरांना तेवढं खाली उतरता येत नाही हे मला ठाऊक होतं, तरी मी दोनदा वायरी तपासल्या.

खरं सांगायचं तर तुमचा डावा हात मला कानांनी आठवतच नाही, पिठानं आठवतो. आपल्या घरात गहू खायला येत नसे. भात आपला, भाकरी तांदळाची नाहीतर नाचणीची. गव्हाचं पीठ बाजारातून पावशेर यायचं ते पखवाजाच्या डाव्या पुडीच्या चामड्याला लावण्यासाठी, आणि आई ते वेगळ्या डब्यात, फळीवर, आम्हा पोरांच्या हाताला लागणार नाही असं ठेवायची. भजनाला बसायच्या आधी तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून म्हणायचात, "कनीक दे गो," आणि आई लिंबाएवढा गोळा मळून द्यायची. मी चौथीत असताना तिला लाडीगोडी लावून त्या पिठाच्या दोन चपात्या करायला लावल्या आणि दोन्ही एकट्यानं खाल्ल्या. संध्याकाळी तुम्ही कणीक मागितलीत. आईनं डबा उपडा करून दाखवला आणि माझ्याकडे बघितलं. तुम्ही मारलं नाहीत. "पखवाज खाल्लास रे तू," एवढंच म्हणालात आणि तांदळाचं पीठ मळून लावलंत. ते कसलं चिकटतंय? दुसऱ्याच अभंगात ते सुकून खाली पडलं. रात्रभर डावी बाजू डबा बडवल्यासारखी वाजत राहिली आणि तुम्ही मला समोर बसवून ठेवलंत. "ऐक. डावा नसला का कसा व्हतो त्यो ऐक." कणीक किती लावायची हे तुम्ही कानानं ठरवत नव्हतात, हेही मला तेव्हाच कळलं. थाप मारून तुम्ही डोळे मिटायचात आणि म्हणायचात, "हां. आता छातीला लागला."

तर तो छातीला लागणारा आवाज मला पुन्हा घरात हवा होता. अडचण अशी की आमच्या घरात तोच आवाज चालत नाही. बत्तीस वर्षं चाललेला नाही. रस्त्यावर डंपरनं खडी ओतली, वर कुणी कपाट सरकवलं, लांब कुठं ढग गडगडले, की मी उठतो आणि दाराच्या चौकटीत जाऊन उभा राहतो. आवाज थांबला की परत येऊन बसतो. बायकोला याची इतकी सवय झाली आहे की ती माझा चहा झाकून ठेवते. विचारलं तर मी सांगतो की आईसाठी उठलो, आई घाबरते. शाळेत, शेजारी, नातेवाइकांत मी हेच सांगत आलो आहे. आमच्या संस्थेची एक शाळा पनवेलजवळ आहे, तिथं बदली देऊ केली होती, तेव्हाही आईचं कारण सांगून नाही म्हटलं. वाडीवर परत जायचं तर डोक्यावर डोंगर, इथं महाडात राहायचं तर दारात सावित्री. एका पावसात ती आमच्या जिन्याच्या तीन पायऱ्या सोडून मागं वळली, खालच्या किराणा दुकानाचं छतापर्यंत पाणी झालं. आणि तरी मी इथंच आहे. पावसाचे चार महिने मोबाइलवर लाल, नारिंगी इशारे वाचत, कान टवकारून. मुलांना मी शिकवतो की वीस हर्ट्झच्या खालचा आवाज माणसाला ऐकू येत नाही, आणि ते वाक्य मी जरा घाईनं संपवतो.

पुण्याच्या दुकानात मी एप्रिलमध्ये पहिल्यांदा गेलो. दुकानदार तिशीतला, हुशार, अगत्याचा. "सर, मूव्हीजसाठी की म्युझिकसाठी?" मी म्हटलं, भजनासाठी. "सर, भजनाला सबवूफर कुणी घेत नाही." मी म्हटलं, पखवाज आहे त्यात. मग तो खुलला. त्यानं मला समजावून सांगितलं की मागे भोक असलेल्या पेटीचा आवाज मोठा, पण जरा सैल असतो. एक थाप दुसरीत मिसळते. बंद पेटीचा आवाज कमी, पण थाप पडली की तिथंच संपते. पखवाजाला बंद पेटी. ते मला पटलं, कारण तुम्हीही थाप मारून हात लगेच उचलायचात. मग आकार. त्याचं म्हणणं दहा इंची, माझं म्हणणं आठ इंची. मी विचारलं, वजन किती? तो म्हणाला, "अठरा किलो. पण सर, एकदा ठेवला की हलवायचा कशाला?" मी म्हटलं, "आमच्याकडे हलवावं लागतं. एका माणसाला जिन्यावरून वर नेता आला पाहिजे." त्याला वाटलं मी चेष्टा करतोय. महाडात फ्रिज घेतानासुद्धा माणूस आधी तो उचलून बघतो, हे त्याला कोण सांगणार? त्यानं ऐकवण्यासाठी दहा इंची चालू केला, आणि खुर्चीच्या हातावर ठेवलेल्या माझ्या तळव्याला ते आधी कळलं, कानाला नंतर. मी उठून दारात जाऊन उभा राहिलो. "आवडला नाही का, सर?" मी म्हटलं, आवाज चांगला आहे, पण घरात आई आहे, वय झालंय. असे तीन महिन्यांत मी तीनदा गेलो आणि तीनदा आईचं वय सांगून हात हलवत आलो. शेवटी त्यानंच कंटाळून तोडगा काढला. "सर, दहा दिवस घरी ठेवून बघा. आईंना त्रास झाला तर परत द्या, मी विचारणारसुद्धा नाही." आता पावसात वरंध घाट बंद, म्हणून आठ इंची पेटी ताम्हिणीवरून आली.

ती घरात कुठं ठेवायची हे शोधायची एक रीत आहे, ती ऐकून तुम्ही हसाल. पेटी आपल्या बसायच्या खुर्चीवर ठेवायची, आवाज चालू करायचा आणि आपण भिंतीकडेनं रांगत जायचं. जिथं रांगताना आवाज सगळ्यात भरीव वाटेल तिथं पेटी ठेवायची, म्हणजे मग खुर्चीत तो तसाच येतो. त्रेपन्न वर्षांचा मी, गुडघ्याला पट्टा बांधून, हॉलभर रांगत होतो. तुमची सून, जिला तुम्ही पाहिलं नाहीत, तुडीलची आहे. ती पदर खोचून कौतुकानं बघत होती. "अहो, शाळेत पोरांना ओणवं करता, त्याचं असं फिटलं म्हणायचं." आई खाटेवर बसून तांदूळ निवडत होती. "काय पडला रे तुजा?" तिनं विचारलं. मी म्हटलं, काही नाही गो, जागा बघतोय. रांगत रांगत मी तिच्या खाटेपाशी आलो आणि तिथं, बरोब्बर तिच्या पायाशी, आवाज असा भरून आला की दुसरी जागा शोधायची गरजच नव्हती. मी तिथं थांबलो. आईनं खाली वाकून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "मंग? घावली का?" मी म्हटलं, नाही.

तिच्या पायाशी पेटी ठेवणं मला शक्य नव्हतं. आईला त्रास होईल, मी बायकोला सांगितलं. तिनं विचारलं, "त्यांना विचारलंत का?" मी पेटी उचलून पार दुसऱ्या टोकाला, मागच्या गॅलरीजवळच्या कोपऱ्यात नेऊन ठेवली. कोपऱ्यात ठेवल्यावर खालचा आवाज दोन भिंतींवर आपटून फुगतो, घुमतो, हे विज्ञान शिकवणाऱ्या माणसाला सांगावं लागू नये. रांगताना वाढवून ठेवलेलं बटणही मी कमी केलं नाही. विसरलो.

चौथ्या दिवशी, रविवारी, दुपारचे तीन वाजले असतील. सकाळपासून पाऊस ओतत होता. आई खाटेवर पडली होती, मी मागच्या गॅलरीत दोरीवरचे अर्धवट वाळलेले कपडे काढत होतो. बायकोला वाटलं, हा माणूस नुसताच पेटीकडे बघत बसतो, आपणच लावून देऊ. तिनं तुमची कॅसेट लावली. मधली भिंत पक्की, दार लोटलेलं. भिंत वरचे आवाज अडवते, खालचे तिच्यातून सरळ निघून येतात. टाळ मला आले नाहीत, बुवा आले नाहीत. पायाखालच्या लादीत एक लांब, जाड घरघर आली आणि ती थांबेना. हातातले कपडे कधी पडले मला माहीत नाही. मी हॉलमधून धावत गेलो, आईला दंडाला धरून उठवलं आणि तिला जवळजवळ उचलून जिना उतरवला. पुढचं आठवतं ते हे की आम्ही दोघं भर पावसात रस्त्याच्या मधोमध अनवाणी उभे आहोत, आईचा पदर माझ्या मुठीत आहे आणि मी तिला पुन्हा पुन्हा सांगतोय, "ट्रक नाय आई, ह्यो ट्रक नाय, ट्रक नाय."

आमच्या गावात एक माणूस धावत बाहेर आला की कुणी कारण विचारत नाही. खालच्या किराणावाल्यानं आम्हाला जिना उतरताना पाहिलं आणि त्याला वाटलं नदी आली. त्यानं तांदळाची पोती वरच्या फळीवर टाकायला सुरुवात केली. त्याला पाहून शेजारच्या शिंप्यानं मशीन टेबलावर चढवलं. समोरच्या चाळीतली माणसं बाहेर पडली, त्यातली निम्मी नदीकडे बघत होती आणि निम्मी डोंगराकडे. मग रस्त्याकडच्या गॅलरीतून बायकोनं वाकून सांगितलं, "अहो, वर या. तुमचे बाबा वाजवतायत." खिडकी उघडी होती. हॉलमधून धावताना कानावर न आलेले टाळ मला तेव्हा कुठं ऐकू आले. रस्त्यावर असं हसू फुटलं की विचारू नका. अजून किराणावाला मला बघितला की विचारतो, "मास्तर, आज भजन हाय का? पोती वर टाकू का?" मीही हसतो. बाबा, मला तुमचा डावा हात ओळखता आला नाही. ज्याच्यासाठी एवढं केलं तो आला आणि मी आईला घेऊन त्याच्यापासून पळालो.

आता जे लिहायचं ते मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. तुम्ही गेलात त्या दिवशी दुपारी घरात आपण दोघंच होतो. आई कापड्याला, मामाकडे गेली होती आणि ओढ्याला पाणी आल्यानं तिकडेच अडकली होती. तीन दिवस पाऊस उघडला नव्हता. माझी बी.एस्सी.ची परीक्षा झाली होती, निकाल लागायचा होता, आणि मी ओटीवर भिंतीला टेकून पुस्तक वाचत बसलो आहे. तुम्ही शेतावरून येता, डोक्यावरची खोळ काढता. तुमचे कान तेव्हा जड झालेत, मोठ्यानं बोलावं लागतं. मधल्या खांबाला हात लावून तुम्ही उभे राहता. बराच वेळ. मग म्हणता, "रे, खांब हाताला लागतोय. काय वाजतोय का बग." मी ऐकतो. आवाज असतो. लांब, जाड, न थांबणारा. कशेडी घाटात पावसाचे ट्रक अडकले की पहिल्या गिअरमध्ये रडत रडत चढतात आणि आपला अख्खा डोंगर घुमतो, हे मी जन्मापासून ऐकत आलोय. मी पुस्तकातून डोकं वर न काढता म्हणतो, "घाटात ट्रक लागलेत बाबा." तुम्ही हात काढत नाही. "ट्रक?" आणि मी वैतागून, मोठ्यानं, "ट्रकच." तुम्ही खांबावरचा हात काढता. पोरगा शिकलेला आहे, त्याचे कान तरणे आहेत. "मंग ऱ्हाव दे. बैलांना वैरन टाकून येतो," म्हणता आणि मागच्या दारानं गोठ्याकडे जाता.

घराला काही झालं नाही. दरडीखाली मागची पडवी आणि गोठा एवढंच गेलं. तुम्ही आणि दोन बैल. मी नुसतं "माहीत नाही" म्हटलं असतं, तर तुम्ही पुढच्या अंगणात जाऊन वर बघितलं असतंत, मला खात्री आहे. तुम्हाला तुमच्या हाताला कळलं होतं आणि मी ते खोडून काढलं. पंचनाम्याला तलाठी आला, त्यानं विचारलं, आधी काही आवाज आला होता का? मी म्हटलं, नाही. त्यानं 'अचानक' असं लिहिलं. दुसऱ्या दिवशी वाट मोकळी झाल्यावर आई आली आणि तिनंही विचारलं, "आवाज नाय आला रे कसला?" मी म्हटलं, नाय. तिनं पुन्हा कधी विचारलं नाही. पुढं मी तिला घेऊन महाडला आलो, तुमचा पखवाज वाडीच्या मंडळाला देऊन टाकला. आता कशेडीला बोगदा झालाय, गाड्या डोंगराच्या पोटातून जातात. वाडीतले लोक सांगतात, घाट अगदी गप्प झालाय. ते ऐकून मला राग आला होता. कुणाचा ते कळलं नाही.

रविवारनंतर मी पेटीची वायर काढून टाकली आणि दुकानदाराला मेसेज लिहून ठेवला, आईला सहन होत नाही, परत पाठवतो. पाठवला मात्र नाही. आज सकाळी बायको बाजारात गेली होती. शाळेला पावसाची सुट्टी. आई खाली जमिनीवर सूप घेऊन बसली होती आणि मी पेटी खोक्यात भरत होतो. ती म्हणाली, "ता परत देतोस का?" मी म्हटलं, हो, तुला त्रास होतो. तिनं सुपातलं बोट काढलं नाही. "मला काय नाय व्हत. मला कदी काय व्हत नव्हता. माजा नाव सांगून देव नको." मी खोक्याची झाकणं धरून तसाच उभा राहिलो. बत्तीस वर्षं ज्या खुंटीला मी सगळं टांगत आलो ती तिनं एका वाक्यात उपटून हातात दिली. थोड्या वेळानं ती म्हणाली, "माज्या खाटेशी ठेव. तितं बरा वाजत होता, तू रांगत होतास तवा. मला वाटला, सांगशील." आणि मग, मान वर न करता, जशी एखादी जुनी, साधी गोष्ट सांगावी तशी म्हणाली, "त्या दिवशी मी चुलीपाशी नव्हते का? मी पन ऐकला त्यो आवाज. मला पन ट्रकच वाटला रे. कुनाला बी ट्रकच वाटला असता."

रस्त्यात पावसात मी काय बडबडलो ते फक्त तिनं ऐकलं होतं, आणि चार-पाच दिवस मनात फिरवून, निवडून, तिनं हे आणलं होतं. मी पेटी खोक्यातून काढली. तिच्या खाटेशी ठेवली, वायर जोडली. दुकानदाराला उद्या 'ठेवतो' म्हणून कळवावं लागेल. परत द्यायला आता कारण उरलेलं नाही आणि ती पेटी रोज माझ्या समोर वाजणार आहे. अजून चालू करायची हिंमत झालेली नाही. आई दोनदा म्हणाली, लाव. मी म्हटलं, लाइट कमी-जास्त होतेय, संध्याकाळी लावू.

हे सगळं मी घटक चाचणीच्या उरलेल्या कागदांवर लिहिलं आहे. आईला वाचून दाखवणार नाही, बायकोला तर नाहीच, आणि तुम्हाला पाठवायची सोय नाही. एवढ्यासाठी लिहितोय की एक गोष्ट मला कुणाला तरी सांगायची होती. आई त्या दिवशी चुलीपाशी नव्हती. ती कापड्याला होती, हे तिला माहीत आहे आणि मला माहीत आहे. उभ्या आयुष्यात खोटं न बोललेली बाई माझ्यासाठी माझ्या तोंडावर खोटं बोलली. मी तिला "तू कुठं होतीस गो तिथं?" असं म्हणू शकलो असतो. मी तिच्यासमोर खाली बसलो, सूप आपल्याकडे ओढलं, तांदळातले खडे बघितल्यासारखं केलं आणि म्हटलं, "व्हय गो. ट्रकच वाटत होता." आणि बाबा, मला बरं वाटलं.